मोडलेली बंदूक

बुधवार, दिवेलागणीची वेळ

पिठाच्या डब्याला पोचा पडलाय. लिहून टाकतो.

पोरीला, सायलीला, तिचा मामा छर्‍याची बंदूक शिकवतोय. रविवारी राहुरीला त्याच्या कांदाचाळीत पहिली घूस मारायची म्हणे. सरावाला बंदूक इथंच ठेवून गेला. मी घरातला शहाणा, म्हणून नियम केला: घरात आणताना नळी मोडायची, म्हणजे बिजागरीतून वाकवून उघडी ठेवायची. उघडी असली की बार उडत नाही. आज चहाला हाक मारली तेव्हा छर्रा भरलेला होता, तरी पोरीनं नियम पाळला. मोडलेली बंदूक भिंतीला टेकवली.

माझ्या आईला वाटलं, पोरीनं बंदूक मोडली. तिनं खटकन सरळ करून ठेवली.

मग मी आलो. सरळ दिसली तेव्हाच थांबायला हवं होतं. पण नेम कसा धरावा ते दाखवायचं होतं ना मला. "रिकामीच आहे" म्हणालो आणि चाप ओढला. छर्रा सायलीच्या वेणीजवळून गेला.

आई म्हणाली, "मी नीट केली म्हनून वाजली तरी."

लोकांच्या मूर्खपणावर विनोद लिहून पोट भरतो मी. आज एकही सुचेना. दाराच्या चौकटीवर सायलीच्या उंचीची रेघ आहे, तिच्यावरून मोजलं. पोचा बरोबर तिच्या डोळ्यांच्या उंचीला आहे.

तिला म्हणालो, रविवारी जायचं नाही.

"तुमी येऊ नका पप्पा," ती म्हणाली, "मग काय भ्या न्हाई."