मधला बांध

बंगळूर, ता. ४ मे

दादा,

तू परत फोन मधीच कापलास, म्हणून लिहायलोय. वर्षभर तुझं एकच, तू तिकडं मजा मार, मी हितं राबतो, त्यापेक्षा वाटणी घे. आता तर पुढल्या आठवड्यात मोजणीच लावलीस. मला विचारलं का?

मजा न्हाई, लॅबमधी भट्टी सांभाळतो मी. तिसरी नोकरी हाय, पण टिकायलीय. मायला आन् रेणुका वैनीला नमस्कार सांग.

काम असं. पिठाहून बारीक भुकटी दाबून गोळी करायची, भट्टीत तापवायची. मग तिच्यातून वीज किती जाते ते पद्मजा मॅडम बघतात. त्या आपल्या लातूरकडच्या. परवा एकाच भुकटीच्या दोन गोळ्या केल्या. एकीतून वीज सरळ गेली, दुसरीतून जाईचना. मी म्हणलं, माल एकच, मग असं कसं?

मॅडम म्हणल्या, "ही कमी तापली, हिच्यात कण बारीकच राहिले. कण बारीक तितक्या मधल्या हद्दी जास्त. कणाच्या आत अणू रांगेत असतात, हद्दीवर रांग मोडते. तिथं वीज अडखळते." वीज गेली त्या पहिलीतले कण तापून एकमेकांत मिसळले, मोठे झाले, हद्दी कमी झाल्या.

"मंजी बांध," मी म्हणलं. त्या हसल्या. म्हणल्या, बांधच समज.

मला चंद्रभान काकाचं रान आठवलं. चौघा पोरांत चार तुकडे झाले, विहीर बजरंगच्या तुकड्यात. बन्सीधरच्या उसाला पाणी न्यायचं तर तीन बांध आन् तिघांच्या मिनतवाऱ्या. पाणी तेच, रान तेच. बांधावर निस्तं गाजरगवत, ते कोणीच काढीना.

वाटणीत मला काय येईल ते मला कळतं, दादा. पैका येईल. पण मधी बांध पडल्यावर चुडाव्याच्या स्टेशनावर उतरून मी कुणाच्या दारात जायचं? वैनी वाढील, पण आधी विचारील, जेवणार का भावजी? आज ती विचारत न्हाई, ताट मांडती. हे मला फोनवर बोलता येत न्हाई, म्हणून मी वरडतो.

मोजणीवाल्याला नको म्हण. तुझं राबणं खरं हाय, ते मी नाकारत न्हाई. हितून पुढं गड्याची मजुरी माझ्याकडं. मिरगाच्या आधी सगळं रान एकसलग नांगरून घे.

तुझा धाकटा,
बालाजी

नांगरटीला पाठवलेत सहा हजार.