दोन्ही हातांनी

१२ मे

चि. अडसर हिस,

अनेक आशीर्वाद. एरवी त्यात ‘उत्तम’ही असतं, ते आज मागे ठेवलं आहे. तुझं उत्तर आलं की देईन.

फोन मुद्दामच केला नाही. फोनवर तू सगळं बरं आहे म्हणतेस आणि ठेवून देतेस. म्हणून कागदावर विचारते. अगं, फायनलमध्ये, आपल्याच गोलसमोर, दोन्ही हातांनी बॉल झेललास? मला अजून ऑफसाइड कळत नाही, पण गोलकीपर सोडून कुणी बॉलला हात लावायचा नसतो एवढं मलाही कळतं. आणि तू तर टीमची कॅप्टन, बचावफळीचा कणा! बरोबरी चालली होती, मॅच संपत आली होती. रेफरीने तुला लाल कार्ड दाखवलं, त्यांना पेनल्टी दिली, गोल झाला आणि कप गेला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते मी त्या दिवशी टीव्हीवर पाहिलं.

लाँड्री गिऱ्हाइकांनी भरली होती. भाची खेळणार म्हणून मीच सगळ्यांना बोलावलं होतं, मिरवायची हौस दुसरं काय. तर समोरचा चष्मेवाला म्हणाला की हिला समोरच्या टीमने फितवलं असणार. मी त्याचा शर्ट अर्ध्या इस्त्रीवरच त्याच्या हातात दिला आणि शटर ओढलं. तुझ्या बाबांनी तेव्हापासून तुझा विषय काढलेला नाही. लहानपणी तू दारात आडवी पडून पाहुण्यांना आत येऊ देत नव्हतीस तेव्हा ज्यांनी कौतुकाने तुझं नाव अडसर ठेवलं, ते आता तुझा फोटो असलेलं वर्तमानपत्र पालथं ठेवतात.

यंदा करार संपतोय हे तूच सांगितलं होतंस. एकतिसाव्या वर्षी लोक पायावर धोंडा मारून घेतात, तू हाताने मारून घेतलास. का, तेवढं सांग.

रागावले म्हणजे माया आटली असं नाही, पण उत्तराला उशीर केलास तर आटेल.

तुझी आत्या

*

१६ मे

ती. आत्या हिस,

शि. सा. न. वि. वि. तुझा राग पोचला. इथे माझा स्वतःचाच एवढा आहे की तुझा ठेवायला जागा नाही.

तू पाहिलंस ते शेवटचं. आधीचं टीव्हीवर दिसलं नसेल. आमची डावीकडची डिफेंडर, जिला आम्ही बारकी म्हणतो, तिची ही पहिलीच फायनल. पहिल्या हाफमध्ये हेडरसाठी उडी मारताना तिचं डोकं त्यांच्या खेळाडूच्या डोक्यावर आपटलं. पडली, उठली, हसली. डॉक्टर कुठे होता? आमच्याच क्लबच्या पुरुषांच्या टीमबरोबर. त्यांचा त्या दिवशी सराव सामना होता! आमची फायनल आणि त्यांचा सराव, तर डॉक्टर सरावाला गेला. आमच्या वाट्याला पाय चोळणारी एक बाई आणि बर्फाची पिशवी. ती बिचारी बर्फ धरून उभी राहिली, आणखी काय करणार.

मध्यंतरात बारकीने उजवा बूट डाव्या पायात घातला. मग मला विचारलं की मॅच कधी सुरू होणार. माझे डोळे पांढरे झाले. मी कोचला सांगितलं की हिला बसवा. तो म्हणाला की फायनलमध्ये सगळ्यांचीच डोकी फिरतात. रेफरीला सांगितलं, तर तो म्हणाला की टीमच्या डॉक्टरने तसं म्हटलं पाहिजे. आता डॉक्टरच नाही तर म्हणणार कोण? बारकीला विचारलं तर ती म्हणे ताई, मी मस्त आहे. मस्त! बूट मी बदलून दिले होते तिचे.

आमच्या बचावफळीचं काम असं असतं की मी ‘वर’ म्हणून ओरडले की चौघींनी एकदम पुढे सरकायचं. दुसऱ्या हाफमध्ये मी ओरडले, तिघी सरकलो, आणि ती आपल्याच गोलकडे तोंड करून उभी. खेळ थांबावा म्हणून मी बॉल मुद्दाम बाहेर मारला. त्यांनी लगेच आत फेकला. पुन्हा मारला. कोच बाजूने ओरडत होता की वेळ काय घालवतेस. मग तो उंच बॉल गोलच्या दिशेने आला, सरळ बारकीच्या डोक्यावर, आणि ती सवयीने हेडरसाठी गुडघे वाकवायला लागली. मी तिच्या मागे होते. माझं डोकं तिथवर पोचत नव्हतं, पाय तर नाहीच. हात पोचले.

कार्ड दाखवायला खेळ थांबला तेवढ्यात मी तिला खांद्याला धरून बाहेर आणलं. रेघेबाहेर येताच ती ओकली आणि माझ्या अंगावर कोसळली. टीव्हीवाले तेव्हा पेनल्टी दाखवत होते. हॉस्पिटलमध्ये सांगितलं की डोक्याला आतून सूज आहे, आणखी एक फटका बसला असता तर काही सांगता आलं नसतं.

आता पुढचं ऐक. क्लबच्या मॅनेजरने मला केबिनमध्ये बसवलं आणि गोड आवाजात सांगितलं की शुक्रवारी कॅमेऱ्यासमोर दोन वाक्यं बोलायची. एक, गोंधळून माझ्या हातून चूक झाली. दोन, बारकी पूर्ण ठणठणीत होती. बोलले तर करार वाढेल. नाही बोलले तर दुसरा क्लब बघायचा, आणि या डागासकट दुसरं कोण घेणार? आत्या, मला अजून खेळायचं आहे. राग येतो, पण खेळायचं त्याहून जास्त आहे. हे तुला सोडून कुणाला सांगू? बहुतेक बोलून टाकीन.

बाबांना सांगू नकोस. तुझं ‘उत्तम’ आता तरी पाठवून दे.

तुझी,
अडसर

*

१९ मे

चि. अडसर हिस,

अनेक उत्तम आशीर्वाद. सगळे परत दिले, मागचेही.

पत्र वाचून तळपायाची आग मस्तकाला गेली. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. स्वतः डॉक्टर पळवायचा आणि खापर तुझ्या डोक्यावर फोडायचं! इस्त्री घेऊन निघणार होते मी त्या मॅनेजरकडे, गरमच. चष्मेवाला दुकानात आला तेव्हा त्याला खुर्चीवर बसवून सगळं पत्र ऐकवलं. तो खाली मान घालून ऐकत होता, पण जाताना पुटपुटला की तरी पेनल्टी वाचवता आली असती. काही माणसं सुधारत नाहीत.

बाबांना सांगू नकोस म्हणालीस, म्हणून सांगितलं नाही. पत्र टेबलावर विसरले, एवढंच. त्यांनी वाचलं. चष्मा पुसला आणि विचारलं की ती पोरगी आता कशी आहे. मग पालथं ठेवलेलं वर्तमानपत्र त्यांनी रद्दीत टाकलं.

आता कामाचं. तुझ्या बापासारखी तत्त्वं मला परवडत नाहीत. हातचं काम गेलं की माणसाचं काय होतं ते मला लाँड्री सुरू करायच्या आधी चांगलं कळलं आहे. म्हणून सांगते, पहिलं वाक्य बोल. चूक झाली म्हण, गोंधळले म्हण, हवं तर चार वेळा म्हण. तोंडाला काय खर्च येतो? पण बारकी ठणठणीत होती हे तुझ्या तोंडून निघालं, तर माझ्या दुकानाची पायरी चढू नकोस. तिची आई ते ऐकेल, आणि पोरीला बरी समजून पुन्हा मैदानात पाठवेल. अर्ध्यावर मॅनेजर मानतो का बघ.

शुक्रवारी दुकानाचा टीव्ही लावते. जेवून घे, आणि आमच्यावरचा जीव असाच राहू दे.

तुझी आत्या

*

२७ मे

ती. आत्या हिस,

शि. सा. न. वि. वि. टीव्ही लावून वाट बघितली असशील. दाखवलं नाही, कारण दाखवण्यासारखं मी काही बोललेच नाही.

तुझा अर्ध्याचा बेत करून पाहिला. चूक झाली म्हणाले. ते जीभ चावत का होईना, जमलं. मग थांबले. मॅनेजर कॅमेऱ्यामागून हाताने पुढे, पुढे करत होता. मी पुढे बोलले. डॉक्टर कुठे होता ते बोलले, बूट उलटे होते ते बोलले, मी कुणाकुणाला सांगितलं ते बोलले. कोच उठून गेला. कॅमेरावाल्याने मात्र कॅमेरा चालूच ठेवला होता, शेवटी मॅनेजरने कॅमेऱ्यापुढे फाइल धरली.

दुसऱ्या दिवशी माझं कपाट कुलपासकट रिकामं केलेलं होतं. इतकी वर्षं खेळले त्या क्लबने माझे बूट प्लास्टिकच्या पिशवीत घालून फाटकावरच्या वॉचमनकडे ठेवले. आणि बातमी काय दिली, तर कॅप्टन मानसिक ताणामुळे टीमपासून दूर! माझं डोकं बिघडलं म्हणे. ज्या डोक्याला खरंच मार लागला होता त्याला ते ठणठणीत म्हणत होते. मी दोन क्लबना फोन केले. एकाने कळवतो म्हटलं, दुसऱ्याने तेवढंही नाही. खेळणं संपलं, आत्या. हे मुद्दाम लिहिते, नाही तर मला स्वतःलाच खरं वाटणार नाही.

आज बारकीला भेटायला गेले. आईकडे आहे, खिडकीचा पडदा ओढलेल्या खोलीत. सूज उतरली आहे. दार उघडणाऱ्या आईचा चेहरा पाहूनच कळलं की क्लबवाले माझ्या आधी येऊन गेले. फुलं होती, आणि पुढच्या हंगामाचा टीमचा शर्ट होता. त्यांनी बारकीला सांगितलं आहे की तुला साधी चक्कर आली होती, कप कॅप्टनने घालवला. तिला त्या मॅचमधलं काहीच आठवत नाही. बूट नाही, मध्यंतर नाही, ओकली ते नाही. त्यांनी दाखवलेली फिल्म तेवढी तिने पाहिली आहे.

मला वाटलं होतं गळ्यात पडेल. ती भांडली. अशी भांडली की आई धावत आली. म्हणाली की एवढी मेहनत मातीत घातलीत, मला काही झालं नव्हतं, मी आरामात हेडर मारला असता, तो बॉल माझा होता, ताई, तुम्ही मध्ये का आलात. मी सगळं सांगितलं. तिने तोंड फिरवलं. तिच्या आईने मात्र मला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं, आणि तो शर्ट उचलून कपाटाच्या अगदी वर, पोरीचा हात पोचणार नाही तिथे ठेवला.

मी निघाले तेव्हा बारकी अजून रागातच होती. मी म्हटलं की बरोबर आहे तुझं, तो बॉल तुझाच होता. आणि पुन्हा आला असता तरी मी घेतला असता.

सोमवारी घरी येते. बाबांना सांगून ठेव, आणि माझ्यासाठी तुझ्या मायेचा एक कोपरा रिकामा ठेव.

तुझी,
अडसर