सुईवर न बसणारा सूर

तेगालसारी, १२ मे १९९६

॥ ॐ स्वस्त्यस्तु ॥
चि. केतुतला म्बोकचे, तुझ्या थोरल्या बहिणीचे, आशीर्वाद.

घरी सगळे बरे, फक्त माझं डोकं ठिकाणावर नाही. तुझ्या कचेरीचा माणूस सूर मोजायचं सुईचं यंत्र आणि कानस घेऊन आला. म्हणे, उत्सवात चाळीस गावांची वाद्यं एका सुरात हवीत. आमच्या बायकांच्या संचातली काशाच्या वाद्यांची एक जोडी त्यानं घासून अगदी सारखी केली! अरे, आपले बापा वाद्यं घडवताना जोडीतल्या एकाचा सूर मुद्दाम जरासा उतरवून ठेवायचे, म्हणून दोन्ही मिळून वाजली की सूर श्वास घ्यायचा. आता डब्यावर चमचा मारल्यागत वाजतंय. उरलेल्या आठ जोड्या मी कोठीत कोंडल्यात. किल्ली कमरेला आहे.

हे थांबव, मग लोभाचं बोलू.
तुझी नेंगाह

देनपासार, १७ मे

ती. म्बोकला केतुतचा नमस्कार.

आधी हसलो, मग घाम फुटला. वाद्यं घासायच्या त्या हुकमाच्या कागदावर सही माझीच आहे. कान चुकतो, यंत्र चुकत नाही, असं आमच्या उत्सव समितीचे साहेब म्हणतात. बुधवारी तालमीला संच घेऊन या, इथंच घासून घेऊ. नाहीतर उत्सवातून गावाचं नाव कटेल. लहानपणी माझे कान उपटायचीस, तसं या वेळी नको.

रागातही माया राहू दे.
केतुत

तेगालसारी, २३ मे

केतुत, आशीर्वाद नंतर.

काल आम्ही बावीस जणी तालमीला आलो. आधी घासून मेलेली जोडी वाजवली, मग न घासलेली, जिवंत. मध्ये मी गायले:

सुईबाई म्हणते, एका मापात हसा,
बेडकांनो, शेतात रांगेनं बसा!

सगळं मैदान खदाखदा हसलं. दुसरी जोडी एवढी भरून का वाजते, असं साहेबानं तुलाच विचारलं. बापांच्या भट्टीशेजारी वाढलेला तू, कागद चाळत बसलास! यंत्राला ऐकू येत नाही, तुला येतं. तोंड उघड. नाहीतर बापांच्या पूजेला माझ्या शेजारी उभा राहू नकोस.

नेंगाह

देनपासार, २ जून

ती. म्बोकला नमस्कार.

साहेबांसमोर शेजारच्या गावची, बापांनीच घडवलेली जिवंत जोडी वाजवून घेतली. सुई थरथरतच राहिली, जागेवर बसेना. म्हणालो, यंत्र जिला चूक म्हणतं, ती थरथर म्हणजे बापांचं आयुष्य. मला समितीतून काढलं, गावाचं नाव कापलं. पण आणखी सात गावांनी वाद्यं घासू न देता कोठ्यांना कुलपं लावलीत.

घासलेल्या जोडीचं काय करायचं? कळव.
केतुत

तेगालसारी, ५ जून

चि. केतुतला पोटभर आशीर्वाद.

विचारतोस काय? त्यातलं एक पुन्हा उतरव. बापांचा हात गेला, कान तुझ्याकडे आहे. रविवारी जेवायला ये, तुझ्या आवडीचं लावर रांधते. येताना कानस आण. यंत्र आणलंस तर बाहेर डुकरांपाशी ठेव.

वाट बघते.
तुझी म्बोक