दोन्ही फेऱ्यांत दिसलेली खूण

मादळवाडी, ता. औसा
२ नोव्हेंबर १९९२

चि. मृण्मयीस अ. उ. आशीर्वाद.

दिवाळी बरी झाली. तुझ्या आईनं तुझ्या नावानं चकल्या काढून ठेवल्या होत्या, त्या शेवटी तुझ्या आलोकदादानं खाल्ल्या. आलोकचा लातूरचा क्लास तुडुंब भरलाय. नांदेड, परभणीहून पोरं येऊन राहतात. फिजिक्स शिकवता शिकवता त्याला जेवायची फुरसत नाही. उज्वला म्हणते, नवऱ्याशी बोलायचं तर मलाही बारावीला प्रवेश घ्यावा लागेल.

आता मुद्द्याचं. दिवाळीच्या आधी इथं जमीन हलली. मांडणीवरची भांडी खाली आली, देवळाच्या ओवरीला चीर गेली. त्यानंतर अधूनमधून खालून गडगडाट येतो, दगडांनी भरलेली गाडी पुलावरून जावी तसा, आणि मग हादरा. तालुक्याहून साहेब आले, घाबरण्यासारखं काही नाही म्हणाले, चहा घेऊन गेले.

मी जन्मभर शाळेत शिकवलं की दख्खनचं पठार जुनं आणि स्थिर आहे. लोक विचारतात, गुरुजी, हे काय हाय? मी पठाराचंच उत्तर देतो, पण देताना जीभ जड होते. तू तिकडं शुक्र ग्रहाच्या जमिनीची रडारनं काढलेली चित्रं तपासतेस. मला सांग, खरं कोणतं आणि भास कोणता, हे कसं ओळखायचं? आता कुत्रं भुंकलं तरी माणसं बाहेर पळतात.

आईचा दमा आहे तसाच आहे. वेळेवर जेवत जा.

तुझा,
अण्णा


अमेरिका
२४ नोव्हेंबर १९९२

ती. अण्णांच्या चरणी शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. चकल्यांचा हिशेब दादाकडून वसूल करीन.

माझं काम ऐकायला मोठं, करायला धान्य निवडण्यासारखं. शुक्रावर सदा ढग. म्हणून यान वरून रडारच्या लहरी सोडतं, त्या जमिनीवर आपटून परततात आणि त्यांतून जमिनीची एक अरुंद, लांबच लांब पट्टी उमटते. यानाचं रडार नुकतंच थांबलं, पण आलेल्या पट्ट्या तपासायला अजून खूप दिवस लागतील. वाटेत माहिती हरवली की पट्टीत काळी फट पडते. जोड चुकला की डोंगर मधोमध कापल्यासारखा दिसतो. आणि खसखस सांडावी तसे पांढरे ठिपके सगळीकडेच. प्रत्येक पट्टीवर शेरा द्यायचा: चांगली, संशयास्पद किंवा टाकाऊ.

मागे एका दरीत यानाच्या दोन फेऱ्यांच्या मध्ये दरड कोसळलेली दिसली आणि सगळे आनंदले. मी तपासलं, तर दुसऱ्या फेरीत यानानं वेगळ्या कोनातून पाहिलं होतं. दरड जागची हललीच नव्हती. पुढं बरेच दिवस माझ्याशी कुणी नीट बोललं नाही.

नियम एवढाच की एका फेरीत दिसलं तर आधी यंत्रावर संशय घ्यायचा. निरनिराळ्या फेऱ्यांत, निरनिराळ्या कोनांतून तेच दिसलं, तर ते जमिनीचंच. तुम्हीही तसंच करा, अण्णा. गावाच्या दोन टोकांची दोन शांत डोक्याची माणसं निवडा. त्यांना आपसांत बोलू देऊ नका. आवाज कधी आला, कुठल्या अंगानं आला, ते वेगवेगळं विचारा. जुळलं तर भास नाही.

आईला नमस्कार. माया राहू द्या.

आपली,
मृण्मयी


लातूर
१६ फेब्रुवारी १९९३

चि. मृण्मयीस आशीर्वाद. वि. वि.

अण्णांना तू चांगलंच वेड लावलंस. नदीकाठच्या शेतात आखाड्यावर राहणारा शेषेराव आणि वेशीजवळचा महादेवप्पा तेली, अशा दोघांना ते रोज सकाळी वेगवेगळं गाठतात आणि रात्रीचा आवाज विचारतात. दोघांचं जुळतंय म्हणे. वेळही जुळते, दिशाही जुळते. झालं, अण्णांनी पारावर सांगून टाकलं की पठाराचं मी शिकवलेलं बाजूला ठेवा, खाली काहीतरी खरंच चाललंय.

आता माझी अडचण ऐक. आपल्या गावची आणि शेजारच्या गावांची पोरं माझ्या क्लासच्या वसतिगृहात आहेत. परीक्षा तोंडावर आली आणि ती पुस्तक मिटून एकमेकांना घरच्या बातम्या सांगत बसतात. एक पालक तर येऊन पोराला घेऊनच गेला. म्हणाला, मरायचं तर सगळे एका जागी मरू. चांगलं हुशार पोरगं होतं.

साहेब लोक काही नाही म्हणतात, तर आपण कशाला भीती वाढवायची? तू अण्णांना दोन ओळी लिही, काळजीचं कारण नाही म्हणून. तुझ्या शब्दाला गावात मान आहे, ते पारावर वाचतील आणि लोक शांत झोपतील. खोटं लिही म्हणत नाही. जरा गोड लिही.

उज्वला तुझी आठवण काढते. लोभ आहेच, वाढव.

तुझा,
दादा


अमेरिका
९ मार्च १९९३

ती. अण्णांना शि. सा. न. वि. वि.

दादानं माझ्याकडं गोड पत्र मागितलं आहे. त्याला वेगळं लिहीत नाही, हेच दाखवा. रागावेल, मग निवळेल.

शेषेरावकाका आणि महादेवप्पांचं जुळतंय, म्हणजे आवाज खरा आहे. पुढं काय होईल ते मला माहीत नाही. मी भूकंपाची जाणकार नाही, म्हणून इथल्या एका जाणकार बाईंना विचारलं. त्याही म्हणाल्या की हे असंच विरून जाईल किंवा मोठा धक्का येईल, आज कुणी सांगू शकत नाही. जे ठाऊक नाही त्यावर मी चांगलं असा शेरा देत नाही, अण्णा. शुक्रावरच्या ओसाड दरीला देत नाही, मग माझ्या गावाला कसा देऊ? माझा शेरा संशयास्पद आहे.

पण भिंतींबद्दल मला शंका नाही. आपली घरं म्हणजे दगड आणि चिखल, आणि वर माळवदावर वर्षानुवर्षं चढवलेली माती. ते खाली आलं तर आतलं माणूस उरत नाही. दिवसा घरात वावरा, पण झोपा उघड्यावर. पावसात पत्र्याखाली झोपा. पत्रा पडला तर माणूस फार तर जखमी होईल.

पारावर वाचायचं तर एवढं सगळं वाचा, निम्मं नको. आईलाही वाचायला द्या.

राग नसावा, एवढीच विनंती.

आपली,
मृण्मयी


मादळवाडी
२६ सप्टेंबर १९९३

चि. मृण्मयीस अ. उ. आशीर्वाद.

तुझं पत्र पारावर वाचलं हे मागं कळवलंच आहे. उन्हाळाभर निम्मं गाव खळ्यात झोपलं. आलोक कुरकुरला खरा, पण पत्रे त्यानंच पाठवले. शाळेमागच्या मोकळ्या जागेत शेड घातली. पाऊस लागला तसे लोक एकेक करून घरात गेले. पावसापुढं भीती टिकत नाही. आता आमचं आणि शेषेरावाचं, एवढीच दोन बिऱ्हाडं बाहेर झोपतात. पोरं आम्हाला अमेरिकेची माणसं म्हणतात.

बरेच दिवस झाले, आवाज बंद आहे. शेषेरावालाही येत नाही, महादेवप्पालाही येत नाही. महादेवप्पा हसून म्हणाला, गुरुजी, तुमच्या लेकीचं मशीन बिघडलं वाटतं. मीही हसलो. पण रोजचा खोकणारा माणूस एकाएकी गप्प झाला की घरातले कसे उठून बघतात, तसं मला होतंय.

खाली तुझी आई स्वतः लिहिते आहे.

बाळ मृण्मयी, आशीर्वाद. तुझ्या बापानं मला पत्र्याखाली ठेवलंय. पावसाचा आवाज लई येतो, झोप न्हाई. तुझं पत्र मी दोनदा वाचलं, पटलं म्हणून गुमान निजते. महालक्ष्म्या मात्र घरातच बसवल्या. शेजारच्या शिवम्माची लेक बाळंत झाली, पोरगी झाली, लई नाजूक हाय. त्यांचं माळवद गळून राहिलंय. तू जेवते का न्हाई? शुक्राकडं बघता बघता तुझं लगीन राहून चाललंय. ये एकदा. तुझी आई सिंधु.

शुभं भवतु.

तुझा,
अण्णा


लातूर
२० ऑक्टोबर १९९३

चि. मृण्मयीस,

फोनवर आई गेली, एवढंच सांगता आलं. बाकी अण्णा बोलत नाहीत. जे कळलं ते शिवम्माकडून.

विसर्जनाच्या संध्याकाळी पाऊस होता. शिवम्माच्या घरात पाणी पडत होतं, बाळ गार पडलं होतं. आईनं शिवम्माला, तिच्या लेकीला आणि बाळाला शेडमध्ये आणलं. आपली बाज त्यांना दिली आणि स्वतः घरात जाऊन निजली. अण्णा बैलगाडीखाली ताडपत्री बांधून झोपायचे. त्यांनी हाक मारली, तर म्हणाली की ओलीत निजले तर दमा उठेल, एका रात्रीनं काय होतंय.

पहाटे गाव राहिलं नाही. मी पोचलो तेव्हा अण्णा हातानं दगड काढत होते. लष्कराच्या पोरांनी त्यांना उचलून बाजूला बसवलं.

शिवम्मा, तिची लेक, बाळ जिवंत आहेत. शेषेरावाचं सगळं घर जिवंत आहे. महादेवप्पाचं कुणी उरलं नाही, तो एकटा वाचला.

इथं क्लास पुन्हा भरलाय, जाहिराती लागल्यात. आपल्या भागातली वाचलेली पोरं लोकांनी आणून सोडली. ती स्लॅबखाली बसत नाहीत. मी अंगणात फळा लावून शिकवतो. अण्णांना नांदेडला चंद्रप्रभा आत्याकडं ठेवलंय. त्यांना लिही.

दादा


नांदेड
१८ नोव्हेंबर १९९३

चि. मृण्मयीस अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. तू विचारतेस, मी अजून कडक शब्दांत लिहायला हवं होतं का? नको, बाळ. तुझ्या आईला ते पत्र गावात सगळ्यांत नीट कळलं होतं. पत्र्याखाली जीव वाचतो हे पटलं होतं, म्हणून तर तिनं ती जागा त्या पोरीला दिली. तिनं तुझं ऐकलं नाही, असं मनात आणू नको.

परवा महादेवप्पा एसटीनं नांदेडला आला. पत्ता विचारत विचारत घरी पोचला. विचारलं, पुढचा धक्का कधी? मी म्हणालो, कुणालाच ठाऊक नाही. तो म्हणाला, तवा कळलं होतं, मग आता का कळंना? तेव्हाही कळलं नव्हतं, फक्त शंका होती, हे मी परोपरीनं सांगितलं. चंद्रप्रभानं चहा दिला, तो प्यायला. मी काहीतरी लपवतोय, असंच त्याच्या चेहऱ्यावर होतं. जाताना म्हणाला, आवाज पुन्हा सुरू झालाय, मी रोज ऐकतो, पण आता विचारायला कुणी येत नाही.

चंद्रप्रभा इथंच राहा म्हणते, आलोक लातूरला चल म्हणतो. मी उद्याच्या गाडीनं मादळवाडीला परत निघतोय. सकाळी शेषेरावाला गाठीन, मग महादेवप्पाला. दोघांचं जुळतं का बघीन आणि तुला कळवीन. तू शेरा दे. गोड नको.

पत्र पाठवताना फक्त माझं नाव आणि पत्र्याची शेड, मादळवाडी, एवढंच घाल. पोस्टमन नवा आहे, पण चुकणार नाही. बाकी घरं उरलेली नाहीत.

जपून राहा, आमच्यावर जीव असू दे.

तुझा,
अण्णा