रिकामी ओटी

प्रिय बुरुल,

आपला एल्दियार परत येतोय. हे सगळ्यात आधी लिहितो, म्हणजे पुढचं तू बसून सावकाश वाचशील. गुरुवारच्या विमानानं येतोय. खोकला गेला आहे, वरचे दोन दात बाहेर आले आहेत. हे पत्र शेजारचा कुबान आणून देईल. तो सोमवारीच मॉस्कोला परततोय आणि टॅक्सी घेऊन तुमच्या खाणावळीवरूनच जातो. फोनवर सांगता आलं असतं, पण इथे फोन लागतो तो फक्त गोठ्यामागच्या टेकाडावर, आणि तिथे माझ्या मागोमाग कुणी ना कुणी येऊन उभं राहतं. शिवाय तू रडायला लागलीस की मला काय सांगायचं होतं तेच आठवत नाही. म्हणून लिहितोय. पहिल्या कागदावर एक शब्द चुकला, तो फाडला. हा दुसरा.

विमानातलं तुला काहीच सांगितलं नव्हतं. चढताना तो झोपेत होता. विमान वर जाऊ लागलं तेव्हा कान दुखले असावेत, असा किंचाळला की पुढचे लोक वळून बघायला लागले. पलीकडच्या रांगेत ओश शहराकडची एक मावशी होती. म्हणाली, "अरे लेकरा, याची आई कुठंय? का तुलाच पान्हा फुटतोय?" सगळी रांग हसली. मी म्हटलं, आईला सुट्टी मिळाली नाही. "आणि तुझ्या मालकाला तू नकोसा झालायस वाटतं," म्हणत तिनं पोराला ओढून घेतलं, पिशवीतून सुकवलेल्या दह्याचा खडा काढला आणि त्याच्या हिरडीला लावला. तो चोखत गप्प झाला. खडा घशात अडकेल म्हणून माझं बोट उतरेपर्यंत त्याच्या हनुवटीखाली होतं. "बाप आहेस का पोलीस?" ती म्हणाली. बिश्केकला पासपोर्टच्या खिडकीतल्या माणसानं तुझा संमतीचा कागद उलटसुलट पाहिला आणि विचारलं, "आजीआजोबांकडे ठेवायला नेतोयस ना?" म्हणजे त्याच्या दृष्टीनं त्यात विचारण्यासारखं काही नव्हतंच. माझ्या पुढे-मागे कितीतरी जण तशीच तान्ही पोरं घेऊन उभे होते. मी जरा मोठ्यानंच म्हणालो, "ठेवायला नाही. भेटवायला." त्यानं शिक्का मारला.

निघताना तू मला एकच गोष्ट बजावली होतीस. दुपटी, औषधं, बाटली, सगळं तू माझ्यावर सोडलंस, कारण त्यात मी चुकणार नाही हे तुला माहीत होतं. फक्त दारात उभी राहून म्हणालीस, "आईंच्या हातात दे, मांडीवर दे, ओटीत देऊ नकोस." मी हसलो. तू हसली नाहीस. तुला आजीच्या ओटीत घातलं तेव्हा तू जेमतेम चाळीस दिवसांची होतीस, आणि त्या दिवसापासून तुझी आजी तुझी आई झाली आणि तुझी आई तुझी ताई. आपल्या लग्नात ती बहिणींच्या रांगेत बसली होती. निरोपाच्या वेळी आईचा मान म्हणून कुणी तिला पुढे बोलावलं नाही, आणि तूही वळून तिला ताईच म्हणालीस. तिनं तोंड फिरवून रुमालाचं टोक दातांत धरलं होतं, ते मी पाहिलं होतं. त्यामुळे तुझं म्हणणं मला कळलं नव्हतं असं समजू नकोस.

तरी ते झालंच. कसं झालं ते जसंच्या तसं लिहितो. उलानला पुरलं तेव्हा मी येऊ शकलो नव्हतो. तू दवाखान्यात होतीस, एल्दियार त्याच आठवड्यात जन्मला. मॉस्कोत बांधकामावरून पडलेल्या माझ्या धाकट्या भावाची पेटी माझ्याशिवायच घरी आली. त्यामुळे मेल्या माणसाच्या घरी मी आता पहिल्यांदाच पाऊल टाकत होतो, आणि अशा वेळी पुरुषानं कसं यायचं ते ठरलेलं आहे. रस्त्याच्या वळणावरच गाडीतून उतरायचं, कमरेवर हात ठेवायचे आणि "भावा रे माझ्या" असा टाहो फोडत फाटकापर्यंत चालायचं. मी उतरलो, पण माझे हात भरलेले होते. टाहो फोडला तसं पोर दचकून रडायला लागलं. फाटकात म्हातारे रांगेनं उभे होते, प्रत्येकाला मिठी मारायची होती. तेवढ्यात आई पुढे आली. केवढी वाळली आहे ती, बुरुल. तिनं घागऱ्याचा घेर दोन्ही हातांनी उचलून पुढे पसरला. मला वाटलं, माझे हात मोकळे व्हावेत म्हणून. मी त्याला तिथे ठेवलं आणि आबांच्या गळ्यात पडलो. मागे एकदम सगळं शांत झालं. वळून पाहिलं तर सगळ्या बायका दुआ करून तळवे चेहऱ्यावरून फिरवत होत्या. आबांनीही फिरवले. शेजारची कालिचाकाकू म्हणाली, "देवानं एक नेला, एक धाडला." मग मला कळलं मी काय केलं ते. तेव्हा तिथेच ओरडून सांगायला हवं होतं की हे तसं नाही. पण वर्षभर न हसलेली माझी आई हसत होती.

त्यानंतर मी दादा झालो. सकाळी आई त्याला कडेवर घेऊन माझ्याकडे बोट दाखवायची. "हा बघ तुझा दादा उठला. आळशी दादा. दादाला म्हण, पाणी आण." पहिल्यांदा मी म्हणालो, "आई, मी बाप आहे त्याचा." कालिचाकाकू कणीक मळत होती. ती म्हणाली, "हो रे बाबा, कोंबडाही रोज सकाळी ओरडून हेच सांगतो. अंडी उबवते कोण?" आईनं त्याचा कान माझ्या बाजूनं झाकला. चार दिवसांत पोरगं मला दा-दा म्हणायला लागलं. किती गोड म्हणतो. मी एकटा असलो की त्याला तुझा फोटो दाखवून "आई" म्हणायचो. तो फोटोकडे बघायचा आणि मान वळवून चुलीकडे हात करायचा, जिथे माझी आई बसलेली असायची. हे तुला लिहू की नको असं मला फार वाटलं. पण अर्धंच लिहिलं तर उरलेलं तू याहून वाईट कल्पनेनं भरशील.

आईला दोष देऊ नकोस. ती त्याला जपते ते खरंच जपते, त्याच्या आधी एक घास खात नाही. उलानचा शर्ट कापून तिनं त्याला झबलं शिवलं आहे. ते पिशवीत सगळ्यात खाली आहे, घालायचं की नाही ते तू ठरव. आणि आबा थकलेत. गुडघ्यामुळे त्यांचा पाय आता रिकिबीत चढत नाही. मेंढ्यांच्या मागे ते पायी जातात आणि अंधार पडायच्या आत निम्म्याच परत आणतात. घर धाकट्याचं, हे तुला माहीत आहे. मोठ्यानं बाहेर पडावं, धाकट्यानं राहावं, म्हाताऱ्यांची चूल पेटती ठेवावी. उलान परत येऊन राहणार म्हणून आबांनी नवे पत्रे आणून ठेवले होते. ते अजून भिंतीला टेकवलेले आहेत, वारा सुटला की वाजतात. आई म्हणते, "त्या देशानं एक ठेवून घेतला. आता एक माझ्याकडे राहिला तर तुझं काय जातं? तुम्ही तरुण आहात, तुम्हाला दुसरं होईल."

उलानचं वर्षाचं जेवण नीट पार पडलं. घोडी कापली, दोन गावं जेवली. पाहुणे गेल्यावर मी आबांना गोठ्यात गाठलं. म्हणालो, चूक झाली, मी द्यायला आणलंच नव्हतं, बुरुलला वचन दिलं आहे. आबांनी खोगीर पुसून खुंटीला टांगलं. मग म्हणाले, "मला त्याच दिवशी कळलं होतं. तुझं तोंड पांढरं पडलं होतं." मी विचारलं, मग तुम्ही तळवे का फिरवलेत? म्हणाले, "तुझ्या आईकडे बघत होतो." माझ्या डोळ्यांना पाणी आलं, तसे खेकसले, "रडतोस काय, मोजून-मापून जगणाऱ्या! कालिचा आपलं ताट कधी रिकामं परत करते का? ओटी तर ताटाहून मोठी. त्यातून उचलायचं तर काहीतरी ठेवून उचल. रिकामी करून गेलास तर ही बाई हिवाळा काढायची नाही." मी विचारलं, काय ठेवू? ते म्हणाले, "ते मला विचारू नकोस. मी सांगितलं तर ते माझं ठेवणं होईल."

आणखी एक. एल्दियार चालायला लागलाय. आबांच्या काठीला धरून उभा राहिला, काठी सोडली आणि तीन पावलं टाकून मटकन बसला. आईनं लगेच पायांना बांधायचा काळा-पांढरा दोरा काढला, गल्लीतली पोरं शर्यतीला गोळा झाली, जो पहिला पोचेल त्यानं दोरा कापून त्याची पावलं मोकळी करायची म्हणून. एवढ्या एका गोष्टीला मात्र मी आडवा आलो. म्हणालो, हा दोरा त्याची आई कापेल. एरवी मी असं म्हटलं की आई विचारायची, कोणती आई; या वेळी विचारलं नाही. दोरा तिनं गुंडाळून माझ्या हातात दिला. पोरं शिव्या देत घरी गेली, कारण खाऊ मिळाला नाही.

आता जे राहिलं ते. गुरुवारी विमानतळावर माणसांत मला शोधू नकोस. तो राहातताईच्या कडेवर असेल, माझी चुलतबहीण, बेकरीत काम करते ती. तिच्या नावानं नोटरीकडून संमती करून दिली आहे. खोलीतल्या माझ्या पलंगावर तीच राहायला येईल, तसं बोलणं झालंय. काल सकाळी, आबांच्या समोर, मी आईच्या ओटीतून एल्दियारला उचललं आणि त्याच्या जागी माझा पासपोर्ट ठेवला. तिच्या डोळ्यांवर चष्मा नव्हता. तिनं तो उघडून डोळ्यांजवळ नेला, फोटो बघितला आणि म्हणाली, "आता धाकटा तूच की रे." मग घागऱ्याची टोकं वर घेऊन तिनं गाठ मारली. ओटीतलं परत मागत नाहीत, म्हणून मीही मागणार नाही. तू इकडे ये असं म्हणायला माझी जीभ वळवळते, पण म्हणत नाही. या छपराखाली आलीस की वर्षभरात तू त्याची ताई होशील, आणि ते मला तुझ्यावर दुसऱ्यांदा येऊ द्यायचं नाही. त्याची 'दादा'ची सवय मोड. माझा फोटो दाखवून 'बाबा' शिकव. निदान शब्द तरी बरोबर यायला हवा. दोरा पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात आहे. बांधताना सैल बांध, कापताना पात्याखाली तुझं बोट ठेव. मग दूर जाऊन बस आणि हात पसर. हात पसर, बुरुल, ओटी नको.

तुझाच,
तालाय