उजव्या हाताची भाकर

बाबा,

काल मी भाकर थापली. एका कडेनं जाड झाली, तव्यावर टाकताना थोडी दुमडली, पण उजव्या हातानं थापली. सगळ्यांनी ती तुकडा तुकडा वाटून खाल्ली. कुणी कौतुक केलं नाही. लेकीनं फक्त विचारलं, दुसरी करतेस का. मला ते कौतुकापेक्षा बरं वाटलं. तुम्हाला सांगावंसं वाटलं, कारण मला भाकर तुम्हीच शिकवलीत. आई शाळेच्या वसतिगृहात स्वयंपाकाला सकाळी लवकर जायची आणि तुम्ही इतवारी बाजारातल्या दुकानात पितळी भांड्यांचे पोचे काढायला निघण्याआधी चुलीपाशी बसायचात. मी अकराएक वर्षांची. भाकर फाटली की चिडून पीठ पुन्हा गोळा करायची. एकदा तुम्ही माझं मनगट धरलंत आणि म्हणालात, "काहून वं घाई करून राहिली? पिठाले आधी मऊ होऊ दे. घाईनं ठोकलं तर भांडंही चिरते." तुम्ही रागावलात ते तेवढंच, पण मी दिवसभर रुसून होते.

मागच्या दिवाळीनंतर मला लकवा मारला. उजवी बाजू गेली. मेंदूच्या डॉक्टरांनी जीव वाचवला, गोळ्या लिहून दिल्या, आता व्यायाम करा म्हणाले आणि घरी सोडलं. पाय हळूहळू उचलायला लागला, पण हाताची मूठ अशी मिटली की नखं तळव्यात रुतायची. हाडांच्या डॉक्टरांनी फोटो काढला, हाड चांगलं आहे म्हणाले. कुणी सांगितलं म्हणून सावनेरकडच्या एका गावी जाऊन तेलही चोळून घेतलं. अंगाला आठवडाभर वास येत राहिला, मूठ काही उघडली नाही. शेवटी घरी व्यायाम करवून घ्यायला येणाऱ्या बाईच म्हणाल्या, "काकू, हा ताठरपणा नुसत्या व्यायामानं नाही जात. त्याचे डॉक्टर वेगळे असतात. पुनर्वसनाचे." साठ वर्षं या शहरात काढली, असा डॉक्टर असतो हे मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

लेकीनं फोन लावायला सुरुवात केली. जिथं विचारावं तिथं तिला व्यायामाच्या खोलीकडेच जोडून द्यायचे. दोन दिवसांनी ती नीट बोलायला शिकली: "व्यायाम करवून घेणारे नाही, फिजिकल मेडिसिनमध्ये एमडी केलेले डॉक्टर पाहिजेत." तेव्हा एका सरकारी दवाखान्यातल्या बाईंनी सांगितलं, आमच्याकडेच आहेत, सोमवारी या. आमच्या घरापासून ऑटोनं वीस मिनिटं. आम्ही चार महिने कुठं कुठं फिरत होतो.

डॉक्टरीणबाई माझ्या लेकीच्याच वयाच्या. आतापर्यंत सगळ्यांनी काय होतं, कुठं दुखतं एवढंच विचारलं होतं. यांनी माझा हात आपल्या हातात घेतला आणि विचारलं, "काकू, या हातानं तुम्हाले काय करायचं आहे?"

 मी म्हणाले, "मले भाकर थापायची आहे."

त्या हसल्या नाहीत. कागदावर तसंच लिहिलं. "पहिल्यासारखा होईल असं सांगत नाही," म्हणाल्या, "पण भाकरीपुरता करून पाहू." कोपराखाली इंजेक्शनं दिली, बोटं सरळ ठेवायला पट्टी करून घेतली, आणि रोज मळलेल्या पिठाचा गोळा दाबायला सांगितला. पहिल्या महिन्यात गोळ्यावर माझ्या बोटांचा ठसाही उमटत नव्हता. दुसऱ्या महिन्यात उमटला. आता मी सकाळी ओट्यापाशी खुर्ची ओढून बसते, पीठ मळते, आणि मला दिवस चांगला वाटतो.

मागच्या खेपेला मी त्यांना तुमच्याबद्दल विचारलं. तुम्हालाही लकवाच झाला होता, मागच्या खोलीत शेवटची चार वर्षं पडून होतात. तेव्हा असं कुणी भेटलं असतं तर वडील उठले असते का? त्या म्हणाल्या, "न पाहता कसं सांगू काकू? चालले असते की नाही माहीत नाही. पण खुर्चीत बसून अंगणात नक्की आले असते."

घरी येताना ऑटोत मला एकच आठवत होतं. लेकीला वाटलं, मी थकले. बाबा, तुम्ही मला दोनदा म्हणाला होतात, मले अंगणात नेऊन बसव. मी दोन्ही वेळा म्हणाले, डॉक्टरांनी झोपूनच राहायला सांगितलंय. डॉक्टरांनी असं काही सांगितलं नव्हतं. तुम्हाला एकटीनं उचलायची मला भीती वाटायची.