नव्या रायफलीचा दोष

६ ऑक्टोबर
रायफल आली एकदाची! जुनी मार्चपासून पुराव्याच्या कपाटात अडकलीय, म्हणून ही स्वतःच घेतली. सेमी-ऑटोमॅटिक — चाप ओढला की एक गोळी, पुढची आपोआप आत. मार्लिस म्हणाली, नळ चार महिने गळतोय त्याला तुला सवड नाही. बायकोचं खरं आहे. पण अठरा तारखेला नेमबाजीची चाचणी आहे. नापास झालो तर डेप्युटीचा बिल्ला शेरीफच्या टेबलावर ठेवायचा.

८ ऑक्टोबर
रेंजवर गेलो. वारा बेताचा. शंभर यार्डांवर कागद लावला, रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवली, पाच गोळ्या झाडल्या. पाचही खाली, डावीकडे, विखुरलेल्या! रायफलीवरची दुर्बीण ढिली असणार. स्क्रू आवळले. पुन्हा तेच.

९ ऑक्टोबर
काडतुसं बदलली. तरी तेच. दुकानदाराला फोनवर चांगलंच झापलं.

११ ऑक्टोबर
सरकारी वकील विटेकरबाई येऊन गेल्या. मार्चमध्ये माझ्यावर झालेल्या हल्ल्याचा खटला गुरुवारी, तेवीसला. आरोपी डेल ओस्बीचं म्हणणं, त्याने हातातला लोखंडी पाना आधीच खाली टाकला होता, तरी मी गोळी घातली. माझा जबाब असा — पाना माझ्यावर उगारलेला होता, गोळी सुटेपर्यंत मी नजर हटवली नाही. त्याच्या गॅरेजात आम्ही दोघंच. माझ्या शब्दावर तो दहा वर्षं आत जाईल. बाईंनी तीनदा विचारलं, नक्की ना?
नक्की, म्हणालो. मी पाहिलंय! काल तो पोस्टासमोर पाय ओढत चालला होता. मला त्याची चीड येते. मी गाडी वळवली आणि दुसऱ्या रस्त्याने घरी आलो.

१४ ऑक्टोबर
शेवटी ओरिनना बोलावलं. चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. आम्हा सगळ्या डेप्युटींना नेमबाजी त्यांनीच शिकवली. माझं रडगाणं ऐकून म्हणाले, नाचता येईना अंगण वाकडं. मला पाठ फिरवायला लावून मॅगझिन स्वतः भरलं. मग शेजारी उभे राहिले, कागदाकडे न बघता माझ्या तोंडाकडे बघत.
दोन गोळ्या सुटल्या. तिसरीला नुसतं टिक्! आवाज नाही, धक्का नाही — आणि तरी नळी खाली गेली, खांदा उडाला. मध्ये खोटं काडतूस घातलं होतं म्हाताऱ्याने. लाजेने कान तापले.
मार्चच्या त्या प्रकरणापासून असं होतंय, मी म्हणालो.
"नाही रे लाइल. नोकरीत आलास तेव्हापासूनचं आहे हे. चाप ओढायला घेतलास की डोळे घट्ट मिटतोस. जुन्या रायफलीचा चाप हलका, आणि कागद काही पळून जात नाही. म्हणून खपलं."
"किती वेळ मिटतो?"
"चांगला एक सेकंद. रायफलीत काही दोष नाही."
पुढे त्यांच्या सुनेबद्दल काहीतरी सांगत होते. मला त्यातलं काही आठवत नाही.

१५ ऑक्टोबर
घड्याळ लावून एक सेकंद मोजून पाहिला. हातातला चमचा सोडला. सेकंद संपायच्या आत तो जमिनीवर.

१६ ऑक्टोबर
ओरिननी सांगितलं तसा रिकाम्या रायफलीने गोठ्यात सराव केला. दोनशे वेळा चाप ओढला, डोळे उघडे. जमायला लागलंय. मार्लिसने विचारलं, जेवत का नाहीस? पोट बिघडलंय, म्हणालो. तिला खोटं कळतं. ताट उचलून घेऊन गेली.
पण तेव्हा डोळे उघडे असतील तर? जिवावर बेतलं की माणूस डोळे उघडे ठेवतोच की! आठवून पाहतो. पाना वर दिसतो. मग थेट ओस्बी जमिनीवर दिसतो. मधलं काहीच नाही.

१८ ऑक्टोबर
पास! पन्नासपैकी अठ्ठेचाळीस. शेरीफने पाठ थोपटली. म्हणाला, गुरुवारी कोर्टातही असाच नेम धर.

२० ऑक्टोबर
विटेकरबाईंना फोन केला. जबाब बदलायचा आहे, म्हणालो. ओस्बीने पाना टाकला होता की नाही, मला माहीत नाही. माझे डोळे मिटलेले होते.